फ्री फ्लो सायलेन्सरचा घुमणारा आवाज: पिकअप न घालवता कमी कसा करायचा?

घाटवाट (धागाकर्ता), ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

माझी गाडी २०१२ ची होंडा सिटी, दीड लिटर आय-व्हीटेक पेट्रोल, मॅन्युअल. सव्वा लाख किलोमीटर झालेत, इंजिन अजून इतकं गोड चालतं की विकायचा विचार मनात येत नाही. जुलैमध्ये सायलेन्सरच्या मागच्या डब्याला शिवणीजवळ गंजून भोक पडलं. गॅरेजवाला म्हणाला, कंपनीचा घेऊ नका, तेवढ्याच पैशात फ्री फ्लो (आत अडथळा नसलेला सरळ नळीचा डबा) बसवतो, पिकअपपण वाढेल. मी हो म्हटलं. गाडी ताब्यात आल्यावर कळलं की त्याने मागचा डबा तर बदललाच, पण मधला रेझोनेटर, म्हणजे आवाज मारणारा छोटा डबाही कापून काढला आणि कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागून शेवटपर्यंत अडीच इंची सरळ पाईप ओढला. मला विचारलं नाही. कॅट मात्र जागेवर आहे, आणि जुना डबा मी मागून घेतला.

पहिले काही दिवस खरंच आवडलं. ४००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर आवाज भरीव येतो, गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. दिवाळीत कोल्हापूरला निघालो आणि खंबाटकी ओलांडायच्या आतच घरचे हैराण. पाचव्या गियरमध्ये ताशी ९० ते ९५ ला, काटा २६०० ते २८०० मध्ये आला की गाडीत असा काही घुमारा भरतो की आरसा थरथरतो. ८० ला शांत, १०० च्या पुढे शांत, आणि महामार्गावर आपण असतो नेमके त्या मधल्या पट्ट्यात. सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, कानात भुंगा बसलाय." आई मागच्या सीटवर, साताऱ्यापासून कानात कापूस घालून बसली आणि पोचल्यावर दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. काही बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

गॅरेजवाला म्हणतो टेलपाईपमध्ये डीबी किलर ठोकू. त्याने वरची ताकद जाईल अशी भीती वाटते. आवाज जावा आणि इंजिनाचा मोकळेपणा राहावा, असा मार्ग आहे का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

लेथमशीन, ९ नोव्हेंबर, रात्री ११.२५

भोसरीत फॅब्रिकेशनचं शॉप आहे, गाड्यांचे सायलेन्सर वीस वर्षं करतोय. डीबी किलर घालू नका. ती म्हणजे पाईपच्या तोंडात घातलेली बारीक नळी. ५००० च्या वर गॅस जास्त सुटतो आणि तो तिथेच अडतो. तुमचा त्रास २७०० चा आहे, तिथे तिचा म्हणावा तसा उपयोगही होणार नाही. म्हणजे त्रास राहील आणि पिकअप जाईल.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, लीक. गाडी थंड असताना चालू करा, कुणालातरी ओल्या जाड फडक्याने टेलपाईप क्षणभर दाबायला सांगा आणि तुम्ही खाली प्रत्येक फ्लँजपाशी, म्हणजे पाईपच्या बोल्टच्या जोडापाशी, कान द्या. फुस्स किंवा टिकटिक आली की जोडातलं गास्केट गेलंय. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. दोन, पाईप बॉडीला कुठे टेकतोय का. जाड पाईप ओढताना हीट शील्ड आणि मागच्या अॅक्सलपाशी जागा पुरत नाही, पाईप कुठेतरी चिकटतो आणि मग अख्खा फ्लोअर स्पीकरसारखा वाजतो. सगळीकडे निदान बोटभर फट हवी. सायलेन्सरची रबरं हाताने दाबून बघा, दगड झाली असतील तर सगळी बदला. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा अर्धा आवाज तिथेच जातो.

निशिगंध, १० नोव्हेंबर, सकाळी ७.१०

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या खालच्या पार्किंगमध्ये अशीच एक गाडी आहे. पहाटे साडेपाचला चालू होते आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं तिचा आवाज सगळ्यात मोठा असतो. बाळ आठ महिन्यांचं आहे, रोज त्याच वेळेला दचकून उठतं. खिडकी लावली तरी काच थरथरते. घाटवाट, तुम्ही स्वतःहून हा प्रश्न घेऊन आलात याचं बरं वाटलं. उपाय शोधताना गाडीच्या बाहेरच्यांचाही विचार करा, एवढीच विनंती.

घाटवाट, १० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

निशिगंध ताई, मनापासून माफी, तुमच्या पार्किंगमधली गाडी माझी नसली तरी. माझ्या सोसायटीत कुणी बोललं नाही याचा अर्थ कुणाला त्रास होत नाही असा मी घेत होतो. आज विचारून येतो.

लेथमशीन, रविवारी खाली झोपून सगळं बघतो.

अनुनाद, १० नोव्हेंबर, दुपारी १.५०

माझं काम वाहनांच्या आवाज आणि कंपनांचं आहे. पुण्यातच, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेची टेकडी खिडकीतून दिसते. थोडं सविस्तर लिहितो, कारण रोग कळल्याशिवाय औषध सापडणार नाही.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दोनदा फायर होतं. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे सेकंदाला ९० ठोके. तुमच्या भुंग्याची वारंवारिता ही: ९० हर्ट्झ. आता गाडीची केबिन घ्या. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतची हवेची पोकळी ढोबळ दोन मीटर धरली तर ध्वनीचा हवेतला वेग ३४३ भागिले दुप्पट लांबी, म्हणजे ८६ हर्ट्झच्या आसपास ती आपोआप घुमते. इंजिनाचे ठोके आणि केबिनचा स्वतःचा सूर एकमेकांवर आले की घुमारा. ८० ला आणि १०० च्या पुढे तो का नसतो याचं उत्तर यातच आहे. अशा घुमाऱ्यात दाब पोकळीच्या दोन टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर कमी असतो. मागच्या सीटवर डोकं मागच्या काचेला लागून असतं, चालक मध्याच्या जवळ बसतो. तुमच्या आईला तुमच्यापेक्षा खूप जास्त ऐकू येत होतं. ती अतिशयोक्ती नव्हती.

दुसरी गोष्ट मोजण्याची. फोनवरची डेसिबल अॅप बहुतेक 'ए' वजनाचं मोजमाप दाखवतात. ते कमी वारंवारितेला फार कमी लेखतं, १०० हर्ट्झला जवळपास १९ डेसिबल कमी. म्हणून अॅपवर ७० दिसतं, लोक म्हणतात काही विशेष नाही, आणि इकडे डोकं फुटत असतं. 'सी' वजन निवडता येत असेल तर ते निवडा, नाहीतर सरळ स्पेक्ट्रम (प्रत्येक वारंवारितेचा आवाज वेगळा) दाखवणारं अॅप घ्या आणि ९० च्या आसपासची उंच काठी बघा. फोनचा माइक प्रयोगशाळेचा नसतो, पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता ठेवला तर आधी-नंतरची तुलना चांगली कळते.

तिसरी, डब्यांचे प्रकार. फ्री फ्लो डबा म्हणजे आत भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल. तो चिरका, वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषतो. ९० हर्ट्झची लहर गरम गॅसमध्ये साडेचार-पाच मीटर लांब असते, दोन-तीन इंच लोकर तिला काय अडवणार? कंपनीच्या डब्यात पडदे आणि कप्पे असतात, ते खालच्या सुरांना उलटे परतवून आपसात मारतात. तुमच्या गाडीत मागे कप्प्यांचा डबा होता आणि मध्ये रेझोनेटर. दोन्ही गेले, जागी आली फक्त लोकर.

यावरचा उपाय म्हणजे जे-पाईप, बंद तोंडाची बगलेची नळी. मुख्य पाईपला तीच जाडी असलेली नळी टी करून जोडायची, दुसरं टोक पूर्ण बंद. लहर आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी त्या लहरीच्या बरोबर चौथाई ठेवली की परत आलेली लहर उलटी पडते आणि ९० हर्ट्झ तिथेच मरतो. नळीतून गॅस वाहत नाही, त्यामुळे इंजिनाच्या वाटेत काहीही येत नाही. तुम्ही मागताय तेच हे आहे.

लांबी = गॅसमधला ध्वनीचा वेग भागिले (४ × वारंवारिता). वेग तापमानावर ठरतो. १५० अंशाला सेकंदाला साधारण ४१२ मीटर, २५० ला ४५८. बगलेच्या नळीत गॅस साचलेला असतो, मुख्य पाईपपेक्षा बराच थंड, म्हणून १५० धरा. ४१२ ÷ (४ × ९०) = १.१४ मीटर. पण आधी दहा सेंटीमीटर लांबच बनवा. कापता येतं, वाढवताना पुन्हा वेल्डिंग.

राजमाची_राइडर, १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

सगळं ठीक आहे, पण एक मूलभूत गोष्ट विसरताय. इंजिनाला बॅकप्रेशर (पाईपमधला उलटा दाब) लागतं. फ्री फ्लोने बॅकप्रेशर गेलं म्हणून खालचा टॉर्क (कमी आरपीएमची ओढ) गेला, आणि म्हणून आवाजही वाढला. थोडा अडथळा परत घातला की दोन्ही जागेवर येईल. आमच्याकडे बुलेटवाले सगळे हेच सांगतात.

अनुनाद, १० नोव्हेंबर, रात्री ९.१५

हे खूप जण मानतात, म्हणून नीट लिहितो. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. त्याला हवा असतो गॅसचा वेग. वेगाने सुटलेला गॅसचा गोळा मागे खेच ठेवून जातो आणि पुढच्या सिलिंडरमधली जळकी हवा ओढून काढतो. पाईप गरजेपेक्षा जाड झाला की हा वेग पडतो. अडीच इंची पाईपचं क्षेत्रफळ दोन इंचीपेक्षा ५६ टक्के जास्त. म्हणजे तेवढ्याच गॅसचा वेग तिथे एक तृतीयांशाहून जास्त घटतो. तुम्ही म्हणता तो खालचा टॉर्क खरोखर कमी होतो, पण कारण जाड पाईप आहे. त्यात अडथळा घातला तर वेग परत येत नाही, फक्त वरची ताकदही जाते.

घाटवाट यांचं इंजिन ११८ पीएसचं, टर्बो नाही. दोन इंची पाईप त्याला भरपूर झाला.

लेथमशीन, १० नोव्हेंबर, रात्री ९.४०

+१. पण दोन इंची सांगितला तर मॅंड्रेल बेंड (आत आधार ठेवून वाकवलेला) सांगा. साध्या प्रेसवर वाकवलेला पाईप वळणावर चपटा होतो, दोनचा पावणेदोनच उरतो. आणि एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात) म्हणून काय देतात ते चुंबक लावून बघा. ३०४ ला चुंबक धरत नाही, ४०९ ला धरतं. ४०९ वाईट नाही, कंपन्याही वापरतात, पण ३०४ चे पैसे देऊन ४०९ घेऊ नका.

नेकारकाठ, ११ नोव्हेंबर, पहाटे २.०५

श्टुटगार्टहून लिहितोय. इकडे बाहेरचा सायलेन्सर लावायला बंदी नाही, पण त्यावर ई-मार्क (युरोपीय मान्यतेची खूण) कोरलेला हवा आणि तो तुमच्या मॉडेलसाठी मान्य असल्याचा कागद हवा. शिवाय नोंदणीच्या कागदावरच आवाज छापलेला असतो: यू.१ या रकान्यात उभ्या गाडीचा डेसिबल, यू.२ मध्ये तो कोणत्या आरपीएमला मोजला ते, यू.३ मध्ये चालत्या गाडीचा. पोलिसांनी थांबवलं तर टेलपाईपपासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशात मीटर धरतात आणि कागदाशी ताडून बघतात. मी माझ्या जुन्या गोल्फला असा मान्य डबा लावला होता. चांगला डबा आवाज न वाढवताही मोकळा असू शकतो हे तेव्हा पटलं. फरक आकाराचा असतो, तो मोठा असतो. ज्याला आवाज कमी आणि वाट मोकळी हवी त्याला घनफळ द्यावंच लागतं.

वकीलवाडा, ११ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

कायद्याची बाजू कुणीच मांडली नाही, ती मांडतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२०: प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. नव्या प्रवासी कारसाठी १ एप्रिल २००५ पासून चालत्या गाडीची मर्यादा ७४ डेसिबल (ए) आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०(२): आवाजाचं मानक मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. कलम १८२ए(४): परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात. ते बहुतेक दुचाकींचे असतात, पण कलम चारचाकीलाही तेच.

विम्याचंही बघा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. माझा सल्ला सरळ आहे: मूळ डबा दुरुस्त होत असेल तर तो लावा.

घाटवाट, १६ नोव्हेंबर, रात्री ८.००

उशीर झाला, पण हात काळे करून आलोय.

लीक सापडलं. कॅटच्या मागच्या फ्लँजला गास्केट अर्धं जळलेलं होतं, साबणाच्या पाण्यात मुंग्यांच्या वारुळासारखे बुडबुडे. आणि मागच्या अॅक्सलच्या वर पाईप बॉडीला घासून चकचकीत झाला होता, नखाएवढी जागा. गास्केट बदललं, हँगर वाकवून पाईप खाली घेतला, चारही रबरं नवी. चिरका आवाज बराच गेला. आरशाची थरथर गेली. भुंगा मात्र जागेवर. मागच्या सीटवर फोन बांधून स्पेक्ट्रम घेतला, ८९ ते ९१ च्या मध्ये एकच काठी, बाकी सगळं तिच्या गुडघ्याएवढं.

वकीलवाडा यांचं वाचून आणखी एक केलं, आणि ते आधीच करायला हवं होतं. जुन्या डब्याचं भोक लेथमशीन यांच्याकडे वेल्ड करून घेतलं आणि तो तात्पुरता फ्लँज लावून बसवला. पहाटे द्रुतगती मार्गाच्या सपाट पट्ट्यात, १०० ची मर्यादा न ओलांडता, चौथ्या गियरमध्ये ६० ते १०० ला किती वेळ लागतो ते पाच-पाच वेळा मोजलं. मागे भाचा स्टॉपवॉच घेऊन. फ्री फ्लोवर सरासरी १२.१ सेकंद. कंपनीच्या डब्यावर ११.९. मग दुसऱ्या गियरमध्ये ४५०० ते ६५००, तिथे फ्री फ्लो पुढे, पण सेकंदाच्या दहाव्या भागाने. स्टॉपवॉचवरचं बोट त्याहून जास्त चुकतं.

म्हणजे चार महिने ज्या पिकअपसाठी मी घरच्यांना त्रास दिला तो कानात होता. आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असं वाटतं. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण ज्यांना असंच सांगून विकलं जातंय त्यांनी हे वाचावं.

राजमाची_राइडर, १६ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मोजून दाखवलंत, मानलं. बॅकप्रेशरवरचं माझं म्हणणं मागे घेतो. मग आता कंपनीचाच डबा ठेवणार?

घाटवाट, १६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मागचा हो. त्याच्या आतले पडदे शाबूत आहेत, हलवलं तरी खुळखुळत नाही. पण मधला रेझोनेटर कापून भंगारात गेलाय आणि पाईप अजून अडीच इंची. डबा बसवल्यावर भुंगा अर्ध्यावर आला, गेला नाही. म्हणून असं ठरवलंय: पूर्ण पाईप दोन इंची मॅंड्रेल, मध्ये अठरा इंची सरळ रेझोनेटर, मागे कंपनीचा डबा, आणि जे-पाईप. लेथमशीन, पुढच्या रविवारी येऊ का?

लेथमशीन, १६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

या. रेझोनेटरच्या आत आधी स्टीलवूलचा थर आणि मग लांब धाग्याची ग्लासवूल असं भरतो. नुसती सुटी ग्लासवूल कोंबली की गॅस ती भोकांतून ओढून बाहेर फेकतो आणि वर्ष-दीड वर्षात डबा रिकामा होतो. तुमच्या त्या नवीन डब्याला टिचकी मारून बघा, भांड्यासारखा वाजला तर आत लोकर उरलेली नाही.

जे-पाईपचं बंद टोक किंचित वर ठेवायचं. खाली राहिलं तर पाणी साचतं, आणि पहिली गंजते ती तीच जागा.

घाटवाट, २४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

झालं. क्रमाने सांगतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाईप खाली उतरवूनच वेल्ड केला, पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी नको म्हणून. जे-पाईप रेझोनेटर आणि मागच्या डब्याच्या मध्ये, फ्लोअरला समांतर, पुढच्या दिशेने दुमडलेला. अनुनाद यांनी सांगितल्याप्रमाणे लांब ठेवला, १२५ सेंटीमीटर. टोकाला वेल्डऐवजी क्लॅम्पने आवळलेली टोपी.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुढे गेलो आणि मन खट्टू झालं. २७०० ला भुंगा होता तसाच. मग लक्षात आलं की २४५० च्या आसपास मात्र गाडी इतकी शांत झालीये की टायरचा आवाज वेगळा ऐकू येतोय. ८२ हर्ट्झ! नळी काम करत होती, चुकीच्या सुराला. शिरवळच्या अलीकडे टपरीमागे गाडी लावली, पाईप गार होईपर्यंत दोन चहा झाले. टोपी काढली, हॅक्सॉने पाच सेंटीमीटर कापले, टोपी परत लावली. शांत जागा २५५० ला सरकली. पुन्हा थांबलो, पुन्हा पाच. ११५ सेंटीमीटर. त्यानंतर ९० ते ९५ चा पट्टा लागला आणि मी रेडिओ बंद करून नुसता ऐकत राहिलो. काहीच नव्हतं. वारा आणि टायर.

स्पेक्ट्रममधली काठी बाकीच्यांच्या उंचीला आलीये. २९५० च्या जवळ थोडी गुणगुण आहे, ती मूळ गाडीलाही होती असं बायको म्हणते. ६० ते १०० आता ११.६ सेकंद. खालून गाडी उचलते हे स्टॉपवॉचशिवायही जाणवतंय, विशेषतः घाटात तिसऱ्यामध्ये.

टोपी आता पक्की वेल्ड केली. सगळा खर्च साडेअठरा हजार. जुलैमध्ये कंपनीचा डबा घेतला असता तर याच्या निम्म्यात काम झालं असतं.

अनुनाद, २४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

वा! दहा सेंटीमीटरला आठ हर्ट्झ, म्हणजे सेंटीमीटरला पाऊण हर्ट्झच्या आसपास, हिशेब चोख बसला. जे-पाईप अरुंद पट्ट्यातच काम करतो, दोन्ही बाजूंना दीडेकशे आरपीएम, म्हणून ती २९५० ची गुणगुण उरली. तिच्यासाठी पाईपला हात लावू नका. डिकीतलं स्टेपनीचं कुंड बोटांनी वाजवून बघा, तो पातळ पत्रा ढोलासारखा घुमतो. तिथे ब्युटाइल शीट (कंपन शोषणारं चिकट रबर) दाबून चिकटवा. सगळीकडे नको, पत्र्याच्या मोकळ्या भागावर मधोमध पुरे.

निशिगंध, २५ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

घाटवाट, तुमच्या धाग्याची लिंक मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. त्या गाडीच्या मालकाने काल दार वाजवलं. कॉलेजचा मुलगा आहे, माझ्या भावाच्या वयाचा. म्हणाला, ताई मला माहीतच नव्हतं. पहाटे इंजिन थंड असताना ते आपोआप जोरात का फिरतं आणि त्याला काय करता येईल, हे त्याला विचारायचंय.

लेथमशीन, २५ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

थंड इंजिन मुद्दाम जास्त आरपीएमला ठेवलेलं असतं, कॅट लवकर तापावा म्हणून. ते बदलू नये. पण जागेवर उभं राहून गरम करायची गरज नाही. चालू करा, अर्ध्या मिनिटात हळूच बाहेर पडा, अॅक्सिलरेटर न दाबता. पुढचे तीन-चार किलोमीटर २५०० च्या आत चालवा. इंजिन चालता चालता जास्त लवकर तापतं, आणि बाळ झोपलेलं राहतं.

पिंपरीचा_पप्पू, २ डिसेंबर, दुपारी ३.३०

घाटवाट दादा, माझ्याकडे बाराशे सीसीची स्विफ्ट आहे, चार सिलिंडर. घुमारा ३००० ला येतो. मला लांबी किती ठेवावी लागेल? आणि ११५ चा तुमचा आकडा तसाच घेतला तर चालेल का?

घाटवाट, २ डिसेंबर, रात्री ९.००

तसाच घेऊ नकोस. ३००० म्हणजे १०० हर्ट्झ. ४१२ भागिले ४००, म्हणजे १०३ सेंटीमीटर. ११३ ची बनव आणि कापत ये. पण त्याआधी लीक आणि रबरं बघ, आणि मागच्या डब्यात कंपनीने काय दिलं होतं ते शोध, कदाचित एवढं सगळं लागणारही नाही. हॅचबॅकला डिकी केबिनमध्येच उघडते, त्यामुळे पार्सल ट्रे लावून आणि काढून दोन्ही वेळा ऐक.

रविवारी सकाळी मोकळा असशील तर निगडीच्या पुलाखाली ये. टेप आणि हॅक्सॉ माझ्या डिकीतच आहेत. मागच्या सीटवर बसून ऐकायला कुणालातरी बरोबर आण.